खालची दोन बोटं

मार्च २००५ मध्ये मार्क नॉफ्लर मुंबईत वाजवायला आला, तेव्हा आमच्या जालन्यात त्याचं नाव माहीत असलेले किती लोक असतील? माझ्या अंदाजाने दोन. एक मी आणि दुसरा दादा. दादा म्हणजे चुलतभाऊ. शाळेत असताना त्यानेच औरंगाबादहून 'ब्रदर्स इन आर्म्स'ची कॅसेट आणली होती. कव्हरवर निळ्या आभाळात एक चकचकीत गिटार. आमचं गाव सळ्यांचं, त्यामुळे लोखंडाची गिटार बघून मला उगाचच आपलेपणा वाटला होता. (ती पितळेची, वर निकेलचा मुलामा असलेली. हे पुढे गूगलने सांगितलं... असो.)

दादा कॅसेट मागेपुढे करत 'सुलतान्स ऑफ स्विंग' बसवायचा. प्लेक्ट्रमने. ते तसं वाजवतच नाहीत हे कॅसेट कशी सांगणार? मग एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागला आणि दुसऱ्याच वर्षी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. गिटार माळ्यावर गेली. घरात तो विषय कोणी काढायचं नाही, असं न ठरवता ठरलं.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दोन तिकिटं काढली आणि फोन केला. "मला कशाला रे?" म्हणाला. तरी देवगिरीने आला.

बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधलं एमएमआरडीएचं मैदान. स्टेजवरचे दिवे लागले तर दादाचं पहिलं वाक्य, "इतक्या विजेत आपल्याकडचं लोडशेडिंग एक रात्र थांबलं असतं."

नॉफ्लर तेव्हा पंचावन्न वर्षांचा. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. बँकेतला सज्जन मॅनेजर सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन उभा राहिलाय असं वाटावं. दोन वर्षांपूर्वीच, मार्च २००३ मध्ये, मोटरसायकल अपघातात त्याचं कॉलरबोन आणि सात बरगड्या मोडल्या होत्या. कित्येक महिने गिटार हातात धरता येत नव्हती. मूळचा डावखुरा, वाजवतो उजव्या हाताने. हे सगळं मी दादाला सांगत होतो, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो लोकांना बाजूला सारत पुढे घुसत होता.

'रोमिओ अँड ज्युलिएट' झालं. 'सुलतान्स' सुरू झालं आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. दादा मात्र गप्प. तो त्या माणसाच्या उजव्या हाताकडे बघत होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तारा छेडायला एवढीच. उरलेली दोन नुसती गिटारीच्या अंगावर टेकवलेली, आधाराला.

त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. गाणं संपल्यावर म्हणाला, "खालची दोन तो वापरतच नाही."

पुढची 'टेलिग्राफ रोड', रेकॉर्डवर चौदा मिनिटांची, मला नीट आठवतही नाही. मी दादाकडेच बघत होतो. त्याचा हात खिशातून बाहेर आला होता आणि पँटवर बोटं चालू होती.

गिटार माळ्यावरून उतरली, पण लगेच नाही. सात-आठ महिने गेले, नव्या तारा आल्या, मग. पहिलं वर्षभर शेजारी वैतागले होते. जानेवारी २०२४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात नॉफ्लरने आपल्या शंभरावर गिटारी विकल्या, तेव्हा मी बातमी पाठवली. एक 'लेस पॉल' तर जवळपास सात लाख पौंडांना गेली.

दादाचं उत्तर आलं, "मला माझीच परवडते."

'सुलतान्स'चा शेवटचा सोलो त्याला अजूनही पूर्ण वेगात येत नाही. मलाही येत नाही, आणि माझी दहाही बोटं शाबूत आहेत!