दोन व्हीलकप

तात्यांनी १९७८ साली उसाच्या बिलावर जुनी फियाट घेतली. स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची. ही कंपनी १९४४ ला वालचंद हिराचंदांनी काढली, आणि आमच्या नीरेपलीकडं वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच. "गाडी मुंबईची, पन हाय उसाचीच," असं तात्या आल्यागेल्याला सांगायचे.

तात्या गेले, वाटणी झाली. विहिरीच्या पाळ्या ठरल्या, जनावरं वाटली, पण गाडीवरनं बिनसलं. गाडी माझ्याकडं आली, तर थोरल्या आण्णानं त्याच रात्री डाव्या चाकांचे दोन्ही व्हीलकप उचकटून नेले. नऊ वर्षं बोलणं बंद. गाडी शेडात, टपावर कोंबड्या.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याचं पेपरात वाचलं. पद्मिनी म्हणजे आमच्याच गाडीचं पुढचं नाव. दुसऱ्या दिवशी जॅक लावला. इंजिन मिस्त्रीनं केलं, चाकं मी घेतली.

पहिलीच चूक व्हीलकपात झाली. उरलेल्या दोन्हींचा क्रोम डागाळला होता, म्हणून वरनं सरळ रुपेरी रंग मारला. चार दिवसांत नखानं सालपटं निघाली. क्रोम तुळतुळीत, त्याला रंग धरतच नाही. पॉलिश पेपरनं घासून खरबरीत केला, अस्तर मारलं, तेव्हा कुठं रंग बसला.

चाकं रॉकेलनं धुतली, तारेच्या ब्रशनं गंज काढला. खड्ड्यांत लांबी भरून पाण्याच्या पेपरनं घासली, मग रेड ऑक्साईड. टायर काढायचे नव्हते, म्हणून हवा सोडून रिमच्या कडेनं जुने पत्ते खोचले, म्हणजे रंग टायरवर जात नाही. हा कॅट आण्णाचाच. लहानपणी त्यानं माझ्याकडनं किती गोट्या जिंकल्या त्याला हिशेब नाही. रंगाचे हात पातळ द्यायचे, जाड दिला की ओघळतो. त्यात कारखान्याचा सीझन. पहाटे दव, दुपारी उसाच्या ट्रॅक्टरांचा फुफाटा. मधले दोन तासच काय ते माझे.

असाच एका सकाळी वाकलो होतो. मागनं आवाज आला, "चाक जिथं टेकतं तिथं बी रंग थापलास व्हय?"

आण्णा. पाण्याच्या पाळीला निघालेला, खांद्यावर खोरं.

"मग गंजू दिऊ?"

"पातळ हात बास. जाड रंग आवळल्यावर दबतो, मग चाक ढिलं पडतं. मरशील एखाद्या दिवशी."

एवढं बोलून तो बसला आणि पत्रीनं तिथला रंग खरवडू लागला. चारी चाकं केली. चहा आला, प्याला, गेला. पाणी तेवढ्यात दुसऱ्याच्या रानात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी पिशवी घेऊन आल्या. आत तात्यांच्या धोतरात गुंडाळलेले दोन व्हीलकप. नऊ वर्षांत गंजाचा ठिपका नाही, बोटाला तेल लागलं.

"ह्यास्नी रंग लावायचा न्हाय, असं सांगितलंय."

म्हणून आमची गाडी उजवीकडनं रंगाची आणि डावीकडनं क्रोमची आहे.

पहिली फेरी शिखर शिंगणापूरची. आण्णा शेजारी बसला. देवदर्शन करून परत निघालो, पन्नास किलोमीटर झाले तशी त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली. रंगवलेली चाकं एवढं चालल्यावर पुन्हा आवळावी लागतात. पाना घेऊन खाली उतरला आणि डावीकडचे व्हीलकप उचकटायला लागला.

मी बघतच राहिलो.

"बघतोस काय," म्हणाला, "परत लावतो की."