अनुदान कुणाच्या नावावर?

आम्ही कापूस वेचणाऱ्या आयांची लेकरं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि भाव पडला की पहिली कात्री मजुरीलाच लागते, हे आम्ही घरातच शिकलो. म्हणून अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा कापूस आम्हाला परका वाटत नाही.

अ‍ॅरिझोना म्हणजे वाळवंट. तिथला कापूस कालव्याच्या आणि उपशाच्या पाण्यावर पिकतो. पाठीशी सरकारी अनुदान असते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. या पैशाने जगातला भाव दबतो, हे तिथे मान्य झाले. तो दबलेला भाव विदर्भातल्या बाजार समितीतही येतो.

पण हे अनुदान जाते कुणाकडे? शेती चालवणाऱ्या मालकाकडे किंवा खंडकऱ्याकडे. राबणाऱ्या मजुराकडे नाही. गिला नदीकाठचे अकिमेल ओओधाम आदिवासी शतकानुशतके कालवे काढून शेती करत, कापूसही पिकवत. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्यांनी पाणी वळवले. यांची शेते वाळली, उपासमार झाली. त्यांच्या पाण्याच्या तडजोडीचा कायदा व्हायला २००४ साल उजाडले.

मित्रांनो, आधी पाणी हिसकावले जाते, मग हिसकावणाऱ्यालाच मदत मिळते. आपल्याकडेही मदत सातबारा बघून येते; भूमिहीन वेचणारीचे नाव त्या यादीत नसते. हमीभावाच्या मोर्चात आपण जरूर चालू. पण बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मागितला, दया नाही. आपलीही मागणी तीच: जमीन आणि पाणी आमच्या नावावर करा!

जय भीम!