शंभर किलोमीटरांचा रविवार

मैत्रिणींनो, तुम्ही शेवटची सायकल कधी चालवलीत, आठवतं का? मला अगदी नेमकं आठवतं. आठवीची परीक्षा संपली आणि वडील म्हणाले, "आता मोठी झालीस, सायकल पुरे." सायकल धाकट्या भावाकडे गेली. मी काही बोलले नाही. बोलायची रीतच नव्हती.

आता मी छत्तिशीत आहे. घर सांभाळून अर्धवेळ मराठी शिकवते. एकदा वर्गात वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली. ह्या मराठी मुलीनं २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं, तरी ती थांबली नाही. मुली डोळे मोठे करून ऐकत होत्या. मागच्या बाकावरची एक उठली. "बाई, तुम्हाला येते का सायकल?" मी म्हटलं, "येते की!" "मग चालवत का नाही?"

अहो, काय उत्तर देणार? त्या मुलीला स्वतःलाच मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ही योजना आहे. पण ती रोज पायीच यायची. "माझी दादा नेतो," म्हणाली.

भाच्याची गिअरची सायकल मागून आणली. पहाटे आष्टीच्या रस्त्यानं आधी दहा किलोमीटर, मग वीस, मग चाळीस, असे दोन महिने गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लेकरंबाळं असलेल्या बाईला हे काय येड लागलं?" मी त्यांना पुण्याच्या प्रीती मस्केंची बातमी वाचून दाखवली. दोन मुलांची आई. २०२२ मध्ये लेह ते मनाली ५५ तास १३ मिनिटांत सायकलनं गेल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या घरी भाकऱ्या कोण थापतं, ते नाही लिहिलं?" ह्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं!

जानेवारीतल्या एका रविवारी निघाले. परतूर, वाटूर, मंठा, देवगाव फाटा, सेलू, सातोना आणि परत परतूर. शंभर किलोमीटरच्या आसपासची फेरी. भाजी-भाकरी रात्रीच करून ठेवली होती. सोबत दोन बाटल्या पाणी, एकीत मीठ-साखर-लिंबू. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, पंक्चरचं सामान आणि हातपंप. पंजाबी ड्रेसची ओढणी कंबरेला घट्ट बांधली. ती चाकात अडकली तर जीवावर बेतेल, हे विसरू नका.

वाटूरपर्यंत अंधार आणि थंडी. पुढे उजाडलं. दोन्ही अंगांना तूर आणि ज्वारी, हुरड्याचे दिवस. मंठ्याच्या अलीकडे शेताला निघालेल्या बायांनी थांबवलं. "बाई, एष्टी चुकली का?" म्हटलं, "नाही, हौस म्हणून निघाले." त्या हसत सुटल्या, आणि एकीनं ओंजळभर हरभऱ्याचे घाटे हातात दिले.

मंठ्याच्या पुढे मात्र समोरून वारा सुरू झाला. पेडल जड, वेग निम्म्यावर. देवगाव फाट्याला चहा घेतला तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. परत फिरावं असं वाटलं, आणि लक्षात आलं की मी फेरीच्या मध्यावर आहे. मागे जायचं तरी तेवढंच, पुढे जायचं तरी तेवढंच! सरळ रस्त्यावर माघार सोपी असते. गोल फेरीत ती सोय नाही.

खरी परीक्षा सेलूला झाली. केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिरात टेकले, तर उजव्या पोटरीत गोळा आला. ह्यांना फोन केला. हे काळजीनं म्हणाले, "सेलूहून गाडीनं ये. सायकल मागून आणू. कोण विचारणार आहे तुला?" खरंच, कोण विचारणार होतं? रेल्वे स्टेशन जवळ, घर एका गाडीवर. मी उठून स्टेशनाच्या दिशेनं चालूसुद्धा लागले. मग ती मागच्या बाकावरची आठवली. ती नक्की विचारणार होती.

पोटरी चोळली, मीठ-साखरेचं पाणी संपवलं, सीट बोटभर वर घेतलं. सीट खाली असलं की गुडघा पुरता सरळ होत नाही आणि सगळा भार त्याच्यावरच येतो, हे उशिरा कळलं. आता वारा पाठीशी होता. सातोन्यापर्यंत हळूहळू, दर पाच किलोमीटरला थांबत आले. दुपारी चारला दारात सायकल टेकवली. सासूबाईंनी काही न बोलता गरम पाण्याची बादली भरून दिली. रात्री पायाला तेल लावताना एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही बघ, सायकल येते का म्हणून."

सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. स्टेशनाकडे वळले होते तेही. त्याच आठवड्यात त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा ठेवला. माझं सगळं ऐकून घेतलं. सायकल ओसरीत उभी होती, दादाचा डबा हँडलला लटकलेला. आई म्हणाली, "बाई, त्यालाबी कामाला लांब जावं लागतं. बघते. शनिवारची शाळा सकाळची असती, तवा देईन हिला."

आठवड्यातून एक दिवस. सध्या ती दर शनिवारी सायकलवर येते. उरलेल्या पाच दिवसांसाठी मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.

तुमच्याही ओसरीत एखादी सायकल असेल. ती कोण चालवतं, जरा बघा बरं.