डाग खाली, गळती वर

अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली मारुती ८०० आज मी चालवतो. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. २०१४ पासून हे मॉडेल बनत नाही, पण अम्मीला दर पंधरवड्याला दवाखान्यात नेणारी आमची एकमेव गाडी हीच आहे. म्हणूनच तिच्याखाली ऑइलचे काळे डाग दिसू लागले तेव्हा घरात सगळ्यांना काळजी वाटली.

एका गॅरेजमध्ये गाडीखाली वाकून सांगितलं, "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय." हे सील तसं स्वस्त असतं, महाग असते ती मजुरी. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवल्याशिवाय तिथपर्यंत हात पोहोचत नाही. खर्चाचा आकडा ऐकून धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, त्यापेक्षा भंगारात द्या."

मी गाडी दुसऱ्या, म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. गॅरेजमध्ये मुख्य मिस्त्रीला उस्ताद म्हणतात आणि उर्दूत शिक्षकालाही उस्तादच म्हणतात. या उस्तादांनी आधी काहीच खोललं नाही. थंड इंजिन ब्रशने धुऊन, पुसून कोरडं केलं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला दहा-बारा किलोमीटर फिरून यायला सांगितलं. परत आल्यावर बॅटरी पाजळून म्हणाले, "सर, नीचे नहीं, उपर देखो."

टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात पावडर भिजून तपकिरी झाली होती. तिथून एक ओघळ इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथवर उतरला होता आणि थेंब तिथून टपकत होता. ऑइल उताराने खाली जातं, धावत्या गाडीतला वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे ते निघतं एकीकडे आणि डाग पडतो भलतीकडे. बिचारं सील निर्दोष होतं.

टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालं होतं. नवं बसवण्याआधी उस्तादांनी ब्रीदर पाइप काढून दाखवला. आत काळा गाळ बसला होता. पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू याच वाटेने बाहेर पडतो. वाट बंद झाली की इंजिनच्या आत दाब वाढतो आणि जो सांधा कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर येतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर गळती पुन्हा सुरू झाली असती. नटही त्यांनी बेताने आवळले, कारण जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं. गाडीखाली पुठ्ठा ठेवून महिना झाला, तो कोराच आहे. तरी डिपस्टिक मी दर रविवारी बघतो.

तेव्हापासून वह्या तपासतानाही मला हे आठवतं. आमची मुलं 'शाळा'चं 'शाला' करतात, 'पाणी'चं 'पानी', ह्रस्व वेलांटी तर गळतेच. लाल शाई मराठीच्या वहीत पडते आणि "मुलं निष्काळजी आहेत" असा शेरा मिळतो. पण उर्दूत ळ आणि ण ही अक्षरं नाहीत. जेर, जबर, पेश या ह्रस्व स्वरांच्या खुणा एरवी लिहीतच नाहीत. जे कधी लिहिलंच नाही, ते लिहायची सवय हाताला कुठून असणार? म्हणून मी आता लिहायला सांगण्याआधी मुलांकडून शब्द मोठ्याने म्हणवून घेतो. कान तयार झाले की वहीतल्या चुका पुष्कळ कमी होतात.