दौलताबादहून खुलताबादला

बसमधून उतरल्यापासून आम्ही मुलांवर ओरडत होतो. सातवीची अठ्ठेचाळीस मुले, शिक्षक चार आणि चढायचा होता दौलताबादचा किल्ला. दरारा हवाच, अशी आमची समजूत.

किल्लाही तशाच समजुतीवर उभा आहे. तासून गुळगुळीत केलेला कडा, खंदक, वळणावळणाची अंधारी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने येथे राजधानी आणली आणि दिल्लीकरांना हुकमाने दख्खनची वाट धरायला लावली. काही वर्षांतच राजधानी परत गेली.

अंधारीतून बाहेर पडल्यावर मोजले, तर एक मुलगा कमी. पाच-सात मिनिटांनी तो आला, एका अनोळखी लहानग्याचे बोट धरून. आम्ही काही न विचारता त्याच्या थोबाडीत दिली. मागोमाग त्या लहानग्याची आई धापा टाकत आली. अंधारात हात सुटून रडणाऱ्या तिच्या पोराला यानेच बाहेर आणले होते.

तेथून खुलताबाद दहा-बारा किलोमीटर. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) दिल्लीहून येथे आले. फौज नाही, किल्ला नाही. 1337 मध्ये त्यांची वफात झाली. पुढे हैदराबादच्या पहिल्या निजामाला त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. रस्त्यापलीकडे हजरत जैनुद्दीन शिराझी (रह.) यांच्या आवारात औरंगजेब आहे. मोगल सल्तनत एवढी पसरवणारा बादशहा 1707 मध्ये अहमदनगरला वारला आणि त्याला येथे आणले. मातीची कबर, वर छत नाही. संगमरवरी जाळी फार नंतरची. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवले, तेव्हा नावही या फकिराचेच दिले, बुऱ्हाणपूर. पैलतीरी जैनाबाद.

हे सांगताना तो मुलगा सर्वांच्या मागे उभा होता. आमची जीभ अडखळू लागली. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यास 2010 पासून बंदी आहे, हे पालकसभेत आम्हीच सांगतो!

फातेहा झाल्यावर त्याला पुढे बोलावले. थप्पड सर्वांसमोर मारली होती, माफी कोपऱ्यात नेऊन कशी मागणार? "चूक आमची होती, बेटा. माफ कर."

पोरे गप्प. त्याने मान खाली घातली. "सर, अंधारात मीपण घाबरलो होतो."

बस सुटण्यापूर्वी मोजणी त्यालाच करायला सांगितली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस भरले.