रांगेतला पहिला

कवायतीच्या तासाला मुलांना उंचीप्रमाणे उभे करण्याची पद्धत ज्याने प्रथम काढली, तो गृहस्थ स्वतः चांगला उंच असला पाहिजे. सातवीपर्यंत मी रांगेच्या मध्यावर कोठेतरी असे. आठवीत मी हळूहळू पुढे सरकू लागलो आणि सहामाहीनंतर माझ्यापुढे कोणीच उरले नाही. मी लहान झालो नव्हतो. बाकीचे वाढले होते.

नुसती उंचीच असती, तर एक वेळ चालले असते. शेजारच्या बाकावरील मित्राचा आवाज दिवाळीच्या सुट्टीत फुटला. प्रार्थना म्हणताना तो कधी घोगरा, कधी चिरका निघे आणि सारा वर्ग हसे. तो बिचारा ओशाळून जाई. मला मात्र त्या फुटक्या आवाजाचा हेवा वाटे. कोणाच्या ओठांवर काळसर लव दिसू लागली, कोणाच्या गालांवर पुटकुळ्या आल्या. माझा आवाज मात्र इतका कोवळा, की संमेलनाच्या नाटकात राजकन्येचे काम कोणाला द्यावे, याचा गुरुजींना विचारही करावा लागला नाही.

रात्री अंथरुणावर पडलो, की एकच शंका मनात येई : आपल्या शरीरात काही उणे तर नाही ना? मित्रांना विचारावे, तर दुसऱ्या दिवशी तो साऱ्या शाळेचा विषय झाला असता. दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून मी डोक्याशी पेन्सिलीची रेघ ओढी. रेघ वर चढतच नसे. चढणार कशी? या वयातील मोठी वाढ सुरू होण्यापूर्वी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे आठवड्याला जेमतेम 1 मिलिमीटर. माझ्या पेन्सिलीची रेघच त्याहून जाड होती!

आईने माझ्या नव्या विजारीच्या पायाशी चार बोटे कापड दुमडून ठेवायला शिंप्याला सांगितले होते. ते तसेच दुमडलेले राहिले. शेजारचे काका म्हणत, “सगळी झाडं का एकाच दिवशी मोहरतात?” बोलणे खरे होते, पण झाडांना कवायतीला जावे लागत नाही.

खरा धीर दिला तो वडिलांनी. चौकटीवरील रेघांचा गुंता पाहून ते हसले नाहीत. म्हणाले, “अरे, मी मॅट्रिकच्या परीक्षेला गेलो, तर दारावरच्या शिपायानं विचारलं, ‘बाळ, भावाला सोडायला आलास का?’ तुझ्या आजोबांचंही असंच. आपल्या घराण्यात सारं उशिरा येतं.”

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की! पण वडिलांना विचारायची छाती नव्हती. तू विचारलंस, बरं केलंस.”

वडिलांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. मेंदूचा इशारा मिळाला, की ती आपली संप्रेरके रक्तात सोडते आणि शरीर बदलू लागते. हा बदल मुलींमध्ये बहुधा 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतो. म्हणजे दोन अगदी निरोगी मुलांतही चार-पाच वर्षांचे अंतर पडू शकते; आणि ही वेळ पुष्कळदा आईवडिलांच्या वळणावर जाते. मुलगी 13 वर्षांची किंवा मुलगा 14 वर्षांचा होऊनही काहीच चिन्ह दिसले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलांना तर तेथेही बहुधा ‘थोडे थांबा’ असेच उत्तर मिळते.

पुढे वाचनात आले, की फ्रान्समधील मोंबेयार नावाच्या गृहस्थाने 1759 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची 1777 पर्यंत, साधारणतः दर सहा महिन्यांनी, मोजून ठेवली होती. रेघा ओढणारा मी काही पहिला नव्हतो तर! त्या नोंदींत वाढीचा वेग वर्षानुवर्षे मंदावत जातो आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास एकाएकी उसळी घेतो.

माझी उसळी पंधरावे वर्ष सरता सरता आली. आईने विजारीची शिवण उसवली. धुऊन धुऊन विटलेल्या कापडाखाली चार बोटे नवीकोरी गडद पट्टी निघाली. आवाज फुटला, तो वर्गात हजेरी देताना. ‘हजर’ हा एवढासा शब्द, पण अर्धा एका पट्टीत निघाला नि अर्धा दुसऱ्या. सारा वर्ग खदखदून हसला, आणि त्यात सर्वांत मोठ्याने मी.