आपल्याच शहरातले पुरे आपण कधी बघणार?

गोवा चार वेळा झालं. कोकण दोनदा. पण सिडकोत वीस वर्षं राहून मकबरा सोडला तर बेगमपुऱ्यात मी कधी पाय ठेवला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. रिक्षातून पाट्या वाचत विचारतो, "मामा, इथं सगळे पुरेच पुरे कसे काय?" मला उत्तर येईना. मग ठरवलं, गाडी घरी ठेवायची आणि तीन रविवार पायी हिंडायचं.

पहिल्या रविवारी भडकल दरवाजा. मलिक अंबरनं मुघलांना हरवल्यावर 1612 मध्ये बांधलेला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यानं खडकी गावाला आपली राजधानी केलं होतं. तिथून पाणचक्की आणि पुढं बेगमपुरा. एका दुकानासमोर थांबलो तर चाचांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला. पहिला प्रश्न काय? "आपके उधर पानी कब आया था?"

हसूच आलं. आमच्या एन-सातमध्येही सकाळी हाच विषय असतो!

दुसऱ्या रविवारी कर्णपुरा आणि पदमपुरा. नवरात्रात देवीच्या यात्रेला आपण सगळेच जातो. पण हा पुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा आणि पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा, हे किती जणांना माहीत आहे? मुघलांच्या फौजेतले राजपूत सरदार इथं तळ ठोकून राहिले, नावं मागं ठेवून गेले. जयसिंगपुराही तसाच.

तिसऱ्या रविवारी गुलमंडी, रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार. इथं सरदार नाहीत, हातानं काम करणारी माणसं आहेत. शेवटी किराडपुरा. घरातून निघताना दोघांनी बजावलं होतं, "तिकडं कशाला?" तिथलं राममंदिर बघितलं, बाजूच्या हॉटेलात चहा प्यालो. तिथंही तोच प्रश्न, पाणी कधी येणार?

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शहराच्या नावावरून आपण किती वर्षं भांडलो. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. पण पुऱ्यांची नावं वाचायला कुणाला वेळ नाही. कुठं काही खुट्ट झालं की मोबाइलवर मेसेज फिरतात, अमुक भागात जाऊ नका. आणि ज्या भागात आपण कधी गेलोच नाही, त्याच्याबद्दलचं सगळं आपल्याला खरं वाटतं.

चारशे वर्षांपूर्वी अंबरानं डोंगरातलं पाणी नहरीतून, मातीच्या नळांतून शहरात खेळवलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आज जायकवाडीसारखं धरण जवळ असून आपण दिवस मोजत ड्रम भरतोय. बेगमपुरा, किराडपुरा, सिडको, सगळेच. पण मागायला जातो ते आपापल्या वॉर्डापुरतं, वेगवेगळे. म्हणूनच कुणी फारसं मनावर घेत नाही.

शेजारचा पुरा ओळखीचा असला, तर पाण्यासाठी सोबत जाता येईल.

येत्या रविवारी एक करा. ज्या पुऱ्यात कधी गेला नाहीत तिथं पायी जा, चहा प्या. आणि तुमच्या पुऱ्याचं, गल्लीचं नाव कशावरून पडलं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून इथं लिहा. मी वाट बघतोय.